डबा ऐसपैस खेळायचा कसा आणि पोरांच्या हाती सोपवायचा कसा

डबा ऐसपैस म्हणजे डब्याभोवती खेळायची लपाछपी. तिला सामान लागतं ते एक रिकामा डबा, बस. तरी हा खेळ आता बिल्डिंगांखाली दिसत नाही. मुलांना आवडणार नाही म्हणून दिसत नाही, असं मला वाटत नाही. तो शिकवणारी मधली पोरं राहिली नाहीत, हे खरं कारण. आम्हाला कुणा मोठ्या माणसाने बसवून शिकवला नव्हता. नववीतला मुलगा सहावीतल्याला दम देऊन सांगायचा, सहावीतली मुलगी तिसरीतलीला. ती साखळी तुटली आहे, म्हणून मोठ्यांना मध्ये पडावं लागणार. पण एकदाच, एक-दोन संध्याकाळींपुरतं. ते कसं करायचं ते सांगते.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. १९७०च्या दशकाची अखेर आणि १९८०ची सुरुवात, तो आमचा खेळायचा काळ. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. घरात जेवण, अभ्यास आणि झोप, बाकी सगळं बाहेर. जांबोरी मैदान जवळच होतं, पण तिथे मोठ्या मुलांची कबड्डी आणि क्रिकेट. आम्हा मधल्या-धाकट्यांचा डबा दोन इमारतींच्या मधल्या जागेत. दुपारी त्याला हातही लावायचा नाही, कारण रात्रपाळी करून आलेले काका झोपलेले असत. पहिल्या पाळीची माणसं गिरणीतून परतली, चहापाणी झालं, बायका पायरीवर तांदूळ निवडायला बसल्या की डबा बाहेर यायचा.

म्हणून पहिलं काम हे, की वेळ ठरवा. डबा वाजतो, पोरं ओरडतात, आणि तुमच्या इमारतीतही कुणीतरी आजारी असतं, कुणीतरी रात्री काम करून दिवसा झोपतं. सोसायटीत आधीच बोलून घ्या. पाच ते सात ही वेळ बहुतेकांना चालते. परवानगी मागायला मोठ्यांनी जावं, मुलांना पाठवू नये. तुमच्या शब्दाला सोसायटीत वजन असतं, ते इथे वापरा.

डबा

आमच्याकडे डालड्याचा पिवळा डबा असायचा, त्यावर ताडाचं झाड. दोन किलोचा मोठा डबा फेकायला जड, वाऱ्यावर गडगडत जातो, पायाला लागला तर झिणझिण्या येतात. खरा चांगला डबा म्हणजे बाळाच्या दूधपावडरचा, अर्धा किलोचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. त्याची कड आत वळलेली असते, म्हणून हात कापत नाही. आता असा डबा मिळाला नाही तर रसगुल्ल्याचा किंवा गुलाबजामचा एक किलोचा पत्र्याचा डबा घ्या. तो फोडताना कड धारदार होते. ती हातोडीने आत ठोकून सपाट करा आणि वरून कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. बोट फिरवून बघा. स्वतःचं बोट फिरवायला कचरत असाल तर डबा अजून तयार झालेला नाही.

आत पाच-सहा खडे टाकून तोंड बंद करा. हे विसरू नका. खड्यांमुळे डब्याला वजन येतं, तो उभा राहतो आणि हलला की खुळखुळतो. राज्य असलेल्याचं, म्हणजे शोधणाऱ्याचं, तोंड दुसरीकडे असलं तरी कान डब्याकडे असतो. प्लास्टिकच्या बरणीने हा खेळ होत नाही. तिला आवाज नाही, आणि लाथ मारल्यावर पत्रा जसा ठणाणत जातो, त्या आवाजासाठीच तर लपलेला गडी जीव तोडून धावतो.

आम्ही अनवाणी खेळायचो. तुम्ही मुलांना बूट घालायला सांगा. नुसती चप्पल असली तर लाथेबरोबर तीही उडते आणि अंगठ्याचं नख जातं.

जागा

लपायला अडोसे हवेत आणि मधोमध पाच-सात पावलांची मोकळी जागा हवी. आमच्याकडे अडोसे म्हणजे जिन्याखालची जागा, दारांबाहेरची पाण्याची पिंपं, वाळत घातलेल्या गोधड्या, कुणाची तरी उभी करून ठेवलेली खाट. तुमच्याकडे खांब, झाडांच्या मोठ्या कुंड्या, वॉचमनची केबिन, जिन्याचा कोपरा. उभ्या गाड्यांमागे लपायला हरकत नाही, पण ज्या वाटेने गाड्या ये-जा करतात ती वाट खेळाबाहेर ठेवा, आणि हे पोरांना वाटेवर उभं करून, बोटाने दाखवून सांगा.

हद्द बोलून ठरवायची. फाटकाबाहेर नाही. लिफ्टमध्ये नाही. मीटरची खोली, पाण्याची टाकी, गच्ची, यांचं नाव काढायचं नाही. पहिल्या मजल्याच्या वर नाही. आमच्या चाळीत आणखी एक होतं, कुणाच्या घरात शिरून दार लावून घ्यायचं नाही. तसं लपलेल्याला शोधणार कोण आणि कसं? अशा लपण्याने राज्य असलेल्याला रडू येतं आणि खेळ मोडतो.

राज्य कुणावर, ते ठरवणं

याला आम्ही सुटणं म्हणायचो. तिघांनी गोल उभं राहायचं, हातावर हात ठेवून झुलवायचे आणि एकदम तळवा टाकायचा, उताणा नाहीतर पालथा. दोघांचा सारखा आणि एकाचा वेगळा पडला, तर वेगळा तो सुटला. त्याच्या जागी पुढचा येतो. असं करत शेवटी दोघं उरतात. मग सुटलेल्यांपैकी एकाने मध्ये हात द्यायचा. उरलेल्या दोघांत ज्याचा वेगळा पडेल तो सुटला, दुसऱ्यावर राज्य. हात देणाऱ्याचाच वेगळा पडला तर पुन्हा.

मोबाइलवर नाणं उडवून हे झटकन उरकू नका. सुटण्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात नवीन आलेल्या मुलाचा हात बाकीच्यांच्या हातात पडतो. पहिल्यांदा खाली उतरलेलं बुजरं पोर तिथेच खेळातलं होऊन जातं.

आठ ते बारा जण असले की रंग भरतो. सहाच्या खाली डबा उडवायला माणूस उरत नाही, पंधराच्या वर राज्य असलेल्याचे हाल होतात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या महिन्यांत आमच्या मजल्यावरची बरीच बिऱ्हाडं गावी गेली, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. भिडू कमी पडले, तेव्हा आम्ही वरच्या-खालच्या मजल्यांची पोरं एकत्र केली. तुमच्याकडेही एका विंगेत मुलं पुरत नसतील तर दुसऱ्या विंगेत जाऊन दार वाजवा. वयं मिसळू द्या. सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांची एका डावात असणं या खेळाला मानवतं.

खेळ

रिंगण विटेच्या तुकड्याने आखा, हातभर व्यासाचं. त्यात डबा. ज्याच्या हातात जोर आहे त्याने डबा लांब फेकायचा, मोकळ्या बाजूला, हात खालून फिरवून. राज्य असलेल्याने धावत जाऊन तो उचलायचा आणि उलट्या पावलांनी चालत रिंगणात आणून ठेवायचा. तेवढ्यात बाकीच्यांनी लपायचं. उलटं चालणं काटेकोर पाळा, नाहीतर तो सगळ्यांना लपताना बघतो.

आता शोध. कुणी दिसलं की राज्य असलेल्याने डब्याकडे पळत यायचं, डबा तीनदा जमिनीवर आपटायचा आणि नाव घेऊन ओरडायचं, "पिंट्या डबा ऐसपैस!" पिंट्या बाद. त्याने रिंगणाजवळ येऊन उभं राहायचं. सगळे सापडले की जो पहिला सापडला त्याच्यावर पुढचं राज्य.

पण डबा आपटायच्या आधी कुणी धावत येऊन तो लाथेने उडवला, तर धरलेले सगळे सुटले. राज्य असलेल्याने पुन्हा डबा आणायचा, उलट्या पावलांनी, पहिल्यापासून. दिसलेल्या गड्यालाही ही संधी आहे. नाव घ्यायच्या आत तो डब्यापाशी पोहोचला तर त्याचीच बाजी. दोघंही डब्याकडे जिवाच्या आकांताने धावताहेत आणि बाद झालेले चारजण कडेला उभे राहून "उडव, उडव" ओरडताहेत, यासाठी मी जेवण सोडून खाली पळत असे.

चुकीचं नाव घेतलं तर अंडं फुटलं. राज्य त्याच्यावरच. यातून सगळ्यात मजेची युक्ती निघते, शर्ट बदलायचे. माझा फ्रॉक मैत्रिणीच्या अंगावर, तिचा माझ्या, आणि कोपऱ्यातून फक्त बाही दाखवायची. आज मुलांना हे सांगा आणि बघा, दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण जास्तीची टोपी घेऊन खाली येतो.

राज्य असलेल्याने डब्यापासून फार लांब जायचं नाही. जवळून सुरुवात करून गोल मोठा करत जायचं. संध्याकाळच्या उन्हात सावल्या लांब पडतात, माणसाआधी सावली दिसते. गाडीखालून पाय दिसतात. लपणाऱ्यांनी एकटं येऊ नये. दोघांनी दोन बाजूंनी यावं, एकाने मुद्दाम दिसावं, आणि राज्य असलेला त्याचं नाव घ्यायला वळला की दुसऱ्याने डबा उडवावा. बाद झालेल्यांनी डोळ्यांनी खुणा केल्या तर चालतात, तोंडाने सांगायचं नाही. खिडकीतून बघणाऱ्या मावशी-काकांनीही नाही. त्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना राहवत नाही.

जे नियम डब्याचे नाहीत, पण त्यांच्यावाचून डबा चालत नाही

धाकटं भावंड सोबत आलं तर त्याला घरी धाडायचं नाही. ते कच्चा लिंबू. ते लपतं, धावतं, डब्याला लाथही मारतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. माझा भाऊ चौथं सरून पाचवं लागलं तेव्हापासून असाच खेळला. त्याला मान म्हणून डबा घरी नेऊन ठेवायचं काम दिलं होतं आणि तो ते छाती फुगवून करायचा. लिंबू पक्का कधी होणार, हे मुलांनीच ठरवावं. ज्या दिवशी त्याच्यावर पहिलं राज्य येतं, त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

ठेच लागली, बुटाची नाडी सुटली, आईने हाक मारली, तर मूठ ओठांना लावून टाइमप्लीज म्हणायचं. तेवढा वेळ त्याला कुणी धरायचं नाही. पकडला जाणार हे दिसल्यावर टाइमप्लीज घेतला तर तो रडीचा डाव, तो मानायचा नाही.

एकाच मुलाला पिदवायचं नाही. डबा सलग तीनदा उडाला तर चौथ्यांदा सुटून नवीन राज्य ठरवायचं. हा नियम आमच्याकडे एका मोठ्या मुलीने घातला आणि तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तुमच्या मुलांना तो पहिल्या दिवशीच द्या.

भांडणं होणार. दिसला होता, नव्हता, आधी डबा आपटला, आधी लाथ बसली. इथे तुम्ही निकाल द्यायचा नाही. एकदा दिलात की पुढचं प्रत्येक भांडण तुमच्याकडे येतं आणि खेळ तुमचा होतो. आमच्यात तोड एकच होती, ते राज्य पुन्हा घ्यायचं. दोन्ही बाजूंना थोडं पटत नाही, पण पाच मिनिटांत सगळे पुन्हा लपलेले असतात. पडझड, मारामारी किंवा कुणाला एकटं पाडणं दिसलं, तर मात्र लगेच मध्ये जा.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः राज्य घ्या, म्हणजे मुलांना क्रम दिसेल. दुसऱ्या संध्याकाळी कडेला उभं राहा. तिसऱ्या दिवशी मोठ्यातल्या मोठ्या मुलीला किंवा मुलाला सांगा, "धाकट्यांना तू शिकव," आणि वर निघून जा. खिडकीतून लक्ष असू द्या, पण खिडकीतून बोलू नका.

लपायला जागाच नसेल, नुसतं उघडं मैदान असेल, तर डब्याचा हट्ट धरू नका. तिथे विषामृत चांगलं. विष म्हटल्यावर जागेवर थिजायचं, आपल्यातल्या कुणी अमृत म्हणून शिवलं की पुन्हा पळायचं. किंवा लगोरी, तिला सात चपट्या ठिकऱ्या लागतात. इमारतीत कुणाचं फरशीचं काम चालू असेल तर गवंड्याकडे मागा, तो हसत हसत तुकडे फोडून देतो. कडा दगडावर घासून बोथट करा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर यातलं काहीच नको, तेव्हा जिन्यात बसून काचापाणी किंवा सागरगोटे खेळा.

डबा चेपला तर फेकू नका. झाकण काढून आतून लाटण्याच्या टोकाने ठोकला की पुन्हा उभा राहतो. चिकटपट्टी महिन्याभरात सुटते, ती बदला, आणि त्या वेळी खडेही मोजून बघा, लहानगे ते काढून घेतात.