मुलाचं ऑपरेशन उद्यावर आलंय? थोडं ऐका

परळच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर आहे, सतरा वर्षं रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात तिथे.

आधी उपासाचं बोलू. जेवणखाण आणि वरचं दूध भुलेच्या 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. दूध पातळ दिसतं म्हणून लोक फसतात. पोटात त्याचं दही होतं आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

मागच्या पावसाळ्यात बदलापूरहून पहाटेच्या लोकलने चार वर्षांचा एक मुलगा आला, हर्नियासाठी. गाऊन घालताना मूठ उघडेना. उघडली तर बिस्किटाचा चुरा. "लेकरू कळवळत होतं हो," आजी म्हणाल्या. ऑपरेशन पुढे गेलं. राग आजींचा नाही आला, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी दारातच पिशवी उलटी करून दाखवली! तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि मुलाने चोरून खाल्लंच तर लपवू नका.

सर्दी, खोकला, ताप असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. दात हलत असेल तर तोही सांगा.

"सुई टोचणारच नाही" अशी थाप मारू नका. पुढच्या वेळी पोर तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

भूल उतरताना काही मुलं हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. घाबरू नका, बहुतेकदा अर्ध्या तासात निवळतं.

खरी गडबड घरी होते. हर्नियासारख्या ऑपरेशनात मूल झोपल्यावर बऱ्याचदा माकडहाडाजवळ इंजेक्शन देतात. काही तास कमरेखाली दुखत नाही, पाय जड लागतात. मूल हसतंय म्हणून आईबाप औषध टाळतात आणि रात्री अकराला रडारड. पहिले दोन दिवस औषध घड्याळाकडे बघून द्या, रडण्याची वाट बघून नको.

पॅरासिटामॉल वजनावर ठरतं: साधारण किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत 6 तास, दिवसात चारच. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम. 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते साडेसात एमएल. पण तेवढेच एमएल 5 एमएलमध्ये 250 मिलिग्रॅमवाल्या बाटलीतून दिलेत तर डोस दुपटीवर जातो. बाटली वाचा, चमचा सोडा, सिरिंज घ्या. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते बघा. ॲस्पिरिन मुलांना नाहीच.

बोलता न येणारं मूल पाय पोटाशी घेतं, कपाळाला आठ्या घालतं, खेळण्याकडे बघत नाही. एकदम गप्प पडलेलं मूल मला रडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

उलट्या थांबत नसतील, लघवी होत नसेल किंवा जखमेतून रक्त येत असेल तर लगेच फोन करा. मूल उठवूनही उठत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनच्या नादी न लागता थेट कॅज्युअल्टी गाठा.