‘काहीच दिसलं नाही’ हीसुद्धा नोंद असते: नागरिक विज्ञानातल्या या चुका टाळा

पक्ष्यांच्या नोंदी करायला लागलो तेव्हाच्या माझ्या याद्या आज उघडल्या की हसू येतं. एरवी सहसा न दिसणारे पक्षी त्यात ठळकपणे आहेत, पण वर्षभरात कावळा एकदाही नाही. खरं तर मी दुर्बीण लावून एखाद्या शिकारी पक्ष्याचा माग काढत असायचो आणि डोक्यावर दहा-बारा कावळे कोकलत असायचे. ते लिहून ठेवावेत, असं मनातही आलं नाही.

नागरिक विज्ञानात, म्हणजे हौशी माणसांनी संशोधनासाठी माहिती गोळा करण्यात, सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. आपण विशेष तेवढंच लिहितो. संशोधकाला मात्र नेहमीचं काय होतं तेच हवं असतं. चिमणी कमी झाली की नाही हे कळायला आधी ती भरपूर होती तेव्हा कुणीतरी मोजलेली असावी लागते. १९०० साली अमेरिकेतले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी नाताळच्या दिवसांत पक्षी मारण्याच्या शर्यतीऐवजी मोजण्याचा बेत मांडला. त्या वर्षी जेमतेम २७ जण निघाले होते. ती गणना अजून दरवर्षी होते आणि तिची खरी कमाई म्हणजे एवढ्या वर्षांच्या सामान्य पक्ष्यांच्या नोंदी.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? घाईत सगळे ‘हो’ दाबतात. त्या ‘हो’चा अर्थ असा लावला जातो, की यादीत नाही ते तुम्हाला आढळलंच नाही. तेव्हा कावळे गाळले असतील तर सरळ ‘नाही’ म्हणा. अर्धवट यादीचाही उपयोग होतो, फक्त ती पूर्ण आहे असं सांगू नका. किती वेळ आणि किती अंतर फिरलात तेही लिहा. दहा मिनिटांत पाच बगळे आणि चार तासांत पाच बगळे या एकच नोंदी नव्हेत. थवा मोजता येत नसेल तर दहा पक्षी मोजा, ते नजरेत केवढी जागा व्यापतात ते बघा आणि तेवढे किती ठोकळे बसतात ते मोजून अंदाज लिहा. नुसती फुली मारण्यापेक्षा अंदाज बरा.

पावसाच्या नोंदीत हीच चूक वेगळ्या वेषात येते. १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला. शहराच्या एका भागात फूटभराहून जास्त पाऊस पडला होता, तर दुसऱ्या भागात बेताचाच. इतका फरक टिपायचा तर घरोघरी पर्जन्यमापक हवेत, या विचारातून १९९८ मध्ये कोकोराह्ज हा स्वयंसेवकांनी पाऊस मोजण्याचा उपक्रम सुरू झाला. तिथे शून्य नोंदवण्याचा आग्रह धरतात. रकाना रिकामा असेल, तर पाऊस पडला नाही की मोजणारा गावाला गेला होता, हे कळायला मार्ग नसतो. तीन दिवसांनी परतलात आणि मापकात पाणी साठलेलं असेल, तर ते सगळं आजच्या नावावर टाकू नका. तीन दिवसांची बेरीज म्हणूनच लिहा. आकडाच विचित्र येत असेल तर आधी मापक कुठे ठेवलाय ते बघा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असायला हवा. आणि वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणा. पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला दिसतो, मधला खालचा भाग वाचायचा.

तारीख आणि जागा यांचे घोळ कंटाळवाणे असतात, पण सगळ्यात जास्त तेच होतात. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं आणि माझी अख्खी सहल भलत्याच ऋतूत जाऊन पडली. निघण्याआधी एकदा घड्याळ बघून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चढवला तर त्यातली मूळ तारीख आणि ठिकाण पुसलेलं असतं, म्हणून मूळ फाइलच वापरा. फोटो तुम्हीच काढलेला असावा, हे वेगळं सांगायला नकोच. नकाशावरची टाचणी घरी बसून टोचली असेल, तर जागा कितपत नेमकी आहे हे दाखवणारं भोवतीचं वर्तुळ प्रामाणिकपणे मोठं करा.

आता ओळख पटवण्याबद्दल. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांचे फोटो टाकून त्यांची ओळख पटवण्याच्या संकेतस्थळावर, कुणी तुमच्या फुलपाखराला नाव सुचवलं, की आभार मानल्यासारखं ‘सहमत’ दाबायची सवय लागते. मीही दाबलंय. पण तारीख, ठिकाण, फोटो असा बाकीचा तपशील ठीक असेल, तर दोन मतं जुळली की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरू शकते आणि तिथून जागतिक जैवविविधतेच्या सामायिक साठ्यात जाऊ शकते. म्हणजे दोघांचं मत म्हणून जे पुढे गेलं, ते खरं एकाचंच होतं. स्वतःला खुणा दिसत असतील तरच सहमत व्हा, नाहीतर गप्प बसा. ॲप सुचवतं त्या नावालाही हाच नियम. प्रजाती कळत नसेल तर कुळापर्यंत थांबण्यात काही कमीपणा नाही. एकाच झाडाचं पान, फूल, खोड एका नोंदीत टाका. दोन वेगळी झाडं मात्र एका नोंदीत कोंबू नका. कुंडीतलं रोप किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर तसं सांगा.

मन लावून काम करणाराही चुकतो, हे गॅलेक्सी झूमध्ये फार छान दिसलं. २००७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात सुमारे दहा लाख दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रं लोकांसमोर ठेवली होती. दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार, हे ओळखायचं होतं. सर्पिल दीर्घिका घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेली आहे की उलट, हेही सांगायचं होतं. उत्तरांमध्ये उलट्या दिशेच्या जास्त निघाल्या. विश्वाला दिशा आहे की काय! संशोधकांनी मग काही छायाचित्रं आरशातल्यासारखी उलटवून दाखवली. विश्वातच फरक असता तर आता सुलट्या जास्त यायला हव्या होत्या. तरीही उलट्याच जास्त आल्या. कल आकाशात नव्हता, बघणाऱ्यात होता.

हा कल स्वयंसेवकाला स्वतःहून काढून टाकता येत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. त्याच्या हातात एवढंच, की उत्तर देण्याआधी इतरांनी काय लिहिलंय ते बघू नये. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्याची तेजस्विता शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ठरवताना कालचा आकडा डोक्यात असला, की डोळा तिकडेच ओढला जातो.

ई-बर्डवर नोंद पाठवली आणि ती तपासणाऱ्या परीक्षकाचा प्रश्न आला तर रुसू नका. पुष्कळदा आकडा किंवा महिना नेहमीपेक्षा वेगळा असला, की यंत्रणाच खूण करते. फोटो, आवाज, निदान दोन ओळींचं वर्णन द्या. नाहीच पटलं तर नोंद तुमच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक निकालात येत नाही. घरट्याची किंवा चोरीला जाऊ शकणाऱ्या वनस्पतीची नेमकी जागा मात्र कुणी कितीही विचारली तरी उघड करू नका.

उपक्रम चालवणाऱ्यांच्या चुकांवर वेगळा लेख होईल. चाळीस रकान्यांचा अर्ज, आधी पाच माणसांवर करून न बघता हजारांना पाठवलेल्या सूचना, आणि निकालाबद्दल चकार शब्द नाही. यातली एक इथे सांगतोच: ठरलेल्या पर्यायांपलीकडे काही लिहायला जागाच न ठेवणं. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला २००७ मध्ये गॅलेक्सी झूच्या एका छायाचित्रात दीर्घिकेशेजारी एक विचित्र डाग दिसला. सर्पिल की लंबवर्तुळाकार, या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिने विचारलं, हे काय आहे? तो निघाला वायूचा प्रचंड ढग, शेजारच्या दीर्घिकेच्या आता मंदावलेल्या केंद्राच्या प्रकाशाने उजळलेला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या अर्जाच्या तळाशीही एक रिकामी चौकट ठेवा, आणि तिथे लिहिलेलं रोज वाचायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या.