युद्धनौकेवरची प्रेमकथा लिहायची आहे? आधी घड्याळ लावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा वाचक फौजेत मुरलेला. गल्लीत एखादे तरी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार असतातच. महायुद्धातल्या जहाजावर प्रेमकथा रचली, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘लढाऊ जहाजावर बाई आली कुठनं?’ पहिल्या दहा पानांत उत्तर मिळालं नाही, तर पुढचं सगळं चांदणं फुकट.

शंका रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या महिला शाखेचं काम किनाऱ्यावरचं होतं. स्वतंत्र भारताच्या नौदलातही वैद्यकीय शाखा सोडली, तर महिला अधिकारी आल्या त्या १९९२ पासून. म्हणजे १९७१ च्या युद्धनौकेवर नायिकेला गणवेश चढवला की कथा बंदरातच बुडाली. (‘खुकरी’ या त्या युद्धात बुडालेल्या युद्धनौकेवर कथा बेतणार असाल तर जपून. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ १९४ जण गेले. त्यांची घरं अजून आहेत.)

बाईला जहाजावर आणा

पत्रांतून प्रेम रंगवता येतं, रुग्णालय-जहाजावरची परिचारिका चालते. पण सगळ्यात कसदार वाट बचावाची. २० नोव्हेंबर १९४२ ला ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालं. २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने ते बुडवलं. २८० माणसं गेली. ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने २५ ला ६७८ जणांना उचललं आणि २७ ला मुंबईत आणलं. युद्धनौकेवर बायकामुलं, तीही जेमतेम दोन दिवस! कादंबरीला एवढा सांगाडा पुरे.

सांगाडा घ्या, नावं मात्र घेऊ नका. ‘बर्मिंगहॅम’ इंग्रजांचं जहाज. तिथे बेळगावचा नायक शोभणार नाही. प्रवासी जहाज कल्पित करा आणि वाचवणारं जहाज भारतीय ‘स्लूप’, म्हणजे छोटी संरक्षक युद्धनौका, दाखवा. ‘जमना’, ‘सतलज’ या जातीची ही जहाजं सुमारे ३०० फूट लांब, सहा चार-इंची तोफांची, १९ नॉटपर्यंत (ताशी सुमारे ३५ किलोमीटर) पळणारी. नायिकेलाही कारण द्या : वडील आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत कारकून, आई वारली, म्हणून ती निघाली.

तास मोजा

बहुतेक हस्तलिखितं इथे फसतात. नायक सारखा मोकळाच. प्रत्यक्षात पहारा चार तासांचा असतो. फक्त संध्याकाळी ४ ते ६ आणि ६ ते ८ असे दोन तोकडे पहारे. त्यामुळे दिवसाचे सात पहारे होतात आणि तीच वेळ रोज त्याच माणसाच्या गळ्यात पडत नाही. तीन तुकड्या धरा आणि कागदावर मांडा. पहिल्या रात्री नायकाला ८ ते १२ दिलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते ८ त्याचेच. दुसऱ्या रात्री ८ ते १२ तो मोकळा, मग पुन्हा पहाटे ४ ला हजर. त्यातून झोप, जेवण, साफसफाई वजा करा. भेटीला उरतात पाच-सहा तास, तेही तुकड्यातुकड्यांनी. संवाद तेवढ्यातच बसवा.

आता पंचांग काढा. १९४२ ची कार्तिकी पौर्णिमा २२ नोव्हेंबरची. म्हणजे २५-२६ ला चंद्र उगवतो सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी, आणि संकष्टीही त्याच सुमारास. अंधार पडला की जहाजावर कडक दिवेबंदी, उघड्यावर विडीसुद्धा चालत नाही. बेळगावची मुलगी उपास सोडायला चंद्राची वाट बघतेय आणि तोच चंद्र उगवू नये म्हणून टेहळणीवाला देव पाण्यात ठेवून बसलाय, कारण पाणबुडीला जहाजाची आकृती चांदण्यातच दिसते. हा प्रसंग घाईने संपवू नका, चार पानं द्या.

जागाही मोजा. खलाशांचे झोळे एकमेकांना लागून टांगलेले. खाली मशीन, घाम आणि तेलाचा वास. एकांत नसतोच. नायिकेला पहिल्या दिवशी बोट लागलेली असणार, तेव्हा पहिली भेट लिंबाच्या फोडीवर होऊ द्या.

नायक आरमारात का?

आपल्याकडचा पोरगा सैन्यात जातो, तो समुद्रावर का गेला ते सांगा. युद्धाआधी आरमारात माणसं दोन हजारांच्या आसपास, आणि खलाशांत रत्नागिरीकडच्यांचा भरणा. युद्ध संपेतो संख्या पंचवीस हजारांवर गेली. या भरतीत घाटावरचा एखादा शिकलेला पोरगा सिग्नलमन झाला, हे सहज पटतं.

जिभेवर ठेवा

बेळगावची मुलगी ‘मी येते’ म्हणत नाही, ‘मी येतो’ म्हणते. मुंबईचा सहकारी हसेल. नायकाच्या मात्र पोटात कालवेल, कारण सहा महिन्यांत घरची बोली कानावर पडलेली नसते. ओळख पटवायला एवढं एक क्रियापद पुरतं, गावाचं नाव विचारायचीही गरज नाही. पात्रांच्या तोंडी ‘सीमाभाग’, ‘महाराष्ट्र राज्य’ मात्र घालू नका. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं, पुढे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. घरी जायचं तर मुंबईहून मोठ्या रुळाने पुणं, तिथे उतरून छोट्या रुळाची गाडी, मिरजेवरून बेळगाव.

निरोपानंतर

मुंबई आली की ती उतरते, तो जहाजावरच राहतो. पुढचा भाग पत्रांचा. पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाणार. जहाज कुठे आहे, कुठे निघालंय, काही लिहिता येत नाही. दुसरा सेन्सॉर वाड्यात. परक्या मुलीच्या घरी सरळ पत्र धाडणं १९४२ मध्ये जमणारं नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या बहिणीला लिहितो आणि ते पत्र ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. दोघांच्या कात्रीतून सुटेल असं साधं वाक्य त्याला शोधून द्या. ‘अक्का, परवा संकष्टीला चंद्र वेळेवर दिसला,’ एवढंच. बहीण ते वाचते आणि पाणी आणायच्या निमित्ताने शेजारच्या गल्लीत जाते.