केअरलेस रायडिंगची चौकशी कशी करावी

घोड्यांच्या रेसनंतर चौकशीचा सायरन वाजला की ग्रँडस्टँडमधली माणसं हातातली तिकिटं घट्ट धरून बोर्डाकडे बघत राहतात. तिकिटं फाडू नका, अशी घोषणा होते. त्या दहा-पंधरा मिनिटांत स्टुअर्डच्या, म्हणजे रेसच्या पंचांच्या, खोलीत नवी माणसं दोन वेगळ्या कामांची हमखास सरमिसळ करतात. मी आठ वर्षं कॅमेऱ्याच्या मनोऱ्यावर काढली आणि त्यानंतर एकवीस वर्षं स्टायपेंडरी, म्हणजे पगारी, स्टुअर्ड म्हणून काम केलं. पहिल्यांदा त्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम घोड्यांचं: कोण कितवा. लोक खिडकीवर ताटकळलेले असतात, म्हणून ते लगेच उरकावं लागतं. दुसरं काम माणसाचं: दुसऱ्याची वाट अडवण्यात जॉकीचं चुकलं का, म्हणजे केअरलेस रायडिंग झालं का, आणि किती. त्याला अजिबात घाई नाही. शेवटची रेस झाल्यावर करा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं थंड असताना करा. निकाल बदलला म्हणून जॉकी दोषी ठरत नाही आणि निकाल कायम राहिला म्हणून तो सुटत नाही.

निकालाच्या दोन रीती आहेत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग आणि २०१३ पासून जपान इथे विचारतात की अडवला गेलेला घोडा मोकळा धावला असता तर अडवणाऱ्याच्या पुढे आला असता का. नसता, तर निकाल तसाच राहतो. अमेरिकेत अडवणुकीमुळे दुसऱ्याचं स्थान गेलं असेल, तर अडवणाऱ्याला त्याच्या मागे टाकतात. २०१९ ची केंटकी डर्बी आठवा. मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पहिला आला, पण वळणावर तो बाहेर सरकून वॉर ऑफ विलच्या आडवा गेला होता आणि त्या धक्क्यात लाँग रेंज टॉडीही अडकला. सुमारे बावीस मिनिटांच्या चौकशीनंतर त्याला लाँग रेंज टॉडीच्याही मागे, सतराव्या स्थानावर नेलं आणि ६५ ला १ भावाचा कंट्री हाउस विजेता ठरला. जॉकी लुईस साएझची १५ दिवसांची बंदी मात्र त्या संध्याकाळी जाहीर झाली नाही. ती काही दिवसांनी, फिल्म पुन्हा बघून स्वतंत्रपणे ठरवली गेली. निकाल बरोबर होता की नाही यावर लोक आजही भांडतात, पण कामाचा हा क्रम मला पटतो. तुमच्या नियमपुस्तकात कुठली रीत आहे, ते मोसम सुरू होण्याआधी वाचून ठेवा.

आता फिल्म. अर्धी चौकशी इथेच होते, आणि चुकतेही इथेच.

आधी बाजूची फिल्म बघा. दोन घोड्यांत अंतर किती होतं, ते फक्त तिथे कळतं. मग समोरची, हेड-ऑन. घोडा आडवा किती सरकला, ते तिथे दिसतं. शेवटी मागची. आधी कोण हलला, ते बहुतेक वेळा हीच सांगते. नवी माणसं थेट हेड-ऑन लावतात, कारण ती बघायला थरारक असते. पण लांब पल्ल्याची लेन्स खोली दाबून टाकते. तीन लेंथ, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीइतका, मागे असलेला घोडा पुढच्याच्या शेपटीला चिकटलेला दिसतो. मनोऱ्यावर उभं राहून डोळ्यांनी बघताना जी मोकळी जागा मला स्वच्छ दिसायची, ती माझ्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाहीशी झालेली असायची.

पूर्ण वेगात घोडा तासाला साठ किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. लेंथ साधारण अडीच मीटर धरा. एका सेकंदात सहा-सात लेंथ निघून जातात. म्हणून फिल्म थांबवून, पुढे-मागे करून जॉकीला दोषी धरू नका. संथ गतीत प्रत्येक चूक मुद्दाम केल्यासारखी दिसते. संथ गतीत काय घडलं ते शोधा, पण जॉकीला ते टाळता आलं असतं का, हे ठरवण्याआधी फिल्म खऱ्या वेगात पुन्हा दोनदा लावा.

जॉकीला आत बोलावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा. ट्रॅकवरच्या अंतराच्या कुठल्या खांबापाशी घोडा सरकायला लागला. त्या क्षणी तो मागच्याच्या किती पुढे होता. चाबूक कुठल्या हातात होता. आणि त्याने घोडा सरळ करायला कधी सुरुवात केली. जागा बदलताना स्वतःची एक लेंथ आणि वर एक मोकळी लेंथ, इतकं अंतर हवं. माझं माप हेच होतं. त्याहून कमी अंतरात आत आला, की प्रश्न विचारायचा.

चाबकाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. घोडा चाबकापासून दूर पळतो. घोडा रेलिंगकडे झुकतो आहे आणि जॉकी बाहेरच्या हातानेच मारत राहिला, तर तो घोड्याला आणखी आत ढकलतो आहे. पहिल्या फटक्यावर घोडा झुकला, हे समजून घेता येतं. पण तसाच दुसरा, तिसरा, चौथा फटका मारला, चाबूक हात बदलून घेतला नाही, मारणं थांबवून दोन्ही हातांनी लगाम धरला नाही, तर ते केअरलेस रायडिंग आहे. फटके मोजा आणि किती झाले ते लिहा. ‘घोडा ऐकत नव्हता साहेब’ या उत्तराची पारख याच आकड्यावर होते.

माझी एक चूक सांगतो. तिचा सल मला अजून आहे. नेमणुकीला दोन वर्षंही झाली नव्हती. होम टर्नवर, म्हणजे शेवटच्या वळणावर, एक अ‍ॅप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) मुलगा आत घुसला, त्याच्या आतल्या घोड्याचा पाय पुढच्याच्या टाचेला लागला आणि तो घोडा पडला. हेड-ऑन बघून मी त्या मुलाला सहा रेस-दिवस बसवावं, म्हणजे राइड करू देऊ नये, असं सुचवलं, आणि ते मान्य झालं. मुलगा काही बोलला नाही. मागची फिल्म मी आठवड्याने, दुसऱ्याच कामासाठी लावली. सर्वांत बाहेरचा, अनुभवी जॉकीचा घोडा आधी आत आला होता आणि मुलगा त्याच्या धक्क्याने रेटला गेला होता. शिक्षा मागे घेतली गेली, पण तोवर त्याचे दोन रेस-दिवस गेले होते आणि एका चांगल्या घोड्यावरची राइड दुसऱ्याला मिळाली होती. ती त्याला परत कोण देणार? तेव्हापासून मागची फिल्म बघितल्याशिवाय मी कुणालाही दारातून आत घेतलं नाही.

आणि तो मुलगा गप्प का बसला? चौकशी इंग्रजीत चालली होती म्हणून. पश्चिम भारतातल्या जॉकींपैकी कितीतरी पोरं तबेल्यात वाढलेली असतात, बाप सईस, चुलता वर्क रायडर, म्हणजे सरावात घोडे पळवणारा. मराठी, हिंदी, मारवाडी बोलतात. चार सूटवाल्यांसमोर उभं राहून ‘यस सर’ म्हणणं त्यांना सगळ्यात सुरक्षित वाटतं, आणि आपण त्या ‘यस सर’ला कबुली समजतो. म्हणून आधी विचारा, ‘कुठल्या भाषेत बोलशील?’ अ‍ॅप्रेंटिस असेल तर त्याचा ट्रेनर शेजारी बसू द्या. फिल्म त्यालाही दाखवा, तिन्ही बाजूंनी, आणि त्याला सांगायचं असेल तिथे त्यालाच थांबवू द्या.

अडवल्या गेलेल्या जॉकीला ‘त्याने तुला कापलं का?’ असं विचारू नका. जॉकीज् रूममध्ये परत जाऊन त्याला त्याच माणसाशेजारी बसायचं असतं. तो म्हणणार, ‘नाही साहेब, माझाच घोडा जरा आत होता.’ त्याऐवजी विचारा, ‘तू लगाम कुठल्या खांबापाशी ओढलास? त्याआधी हातात घोडा किती होता, म्हणजे त्याच्यात दम किती उरला होता? तुझ्या डाव्या बाजूला काय दिसत होतं?’ स्वतःच्या घोड्याबद्दल जॉकी प्रामाणिकपणे आणि बारकाईने बोलतो. दुसऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावलं की तो मिटतो.

घोड्याचाही विचार करा. तो आधीच्या रेसमध्येही असाच लटकत, म्हणजे एका बाजूला झुकत, होता का, हे नोंदीत बघा. तोंडात जखम आहे का, पाय दुखतो आहे का, हे व्हेटकडून तपासून घ्या. पुण्याच्या मोसमात, जुलैच्या पावसात, आतली जमीन मऊ झालेली असते आणि घोडे आपणहून बाहेर सरकतात. पण ही जमीन जॉकीला सकाळपासून माहीत असते, हेही लक्षात घ्या.

मग दर्जा ठरवा. लक्ष नव्हतं किंवा अंदाज चुकला, तर निष्काळजी. दिसत असूनही जागा नसताना रेटलं, तर प्रकरण त्याहून गंभीर. दुसऱ्याच्या जिवाची पर्वाच केली नाही, तर धोकादायक. ब्रिटनमध्ये अशा वेळी घोडाच बाद होतो, कितवाही आलेला असो. हा दर्जा कुणी पडलं की नाही हे विसरून ठरवा. अवघड आहे, मला माहीत आहे. अँब्युलन्स ट्रॅकवरून जाताना बघितल्यावर हात जड होतो. पण तसाच कट दुसऱ्या दिवशी मारला आणि मागच्याने वेळेत घोडा सावरला, तर आपण ताकीद देऊन सोडतो. वागणं तेच आणि शिक्षेत जमीन-अस्मानाचं अंतर, असं झालं की पोरांचा विश्वास उडतो. परिणाम मोजावाच, पण दर्जा ठरल्यावर, आणि शिक्षा एखाद-दोन पायऱ्या वर नेण्यापुरताच.

शिक्षेला एक ठरलेली सुरुवात हवी. माझी सुरुवात साध्या निष्काळजीपणाला तीन रेस-दिवस अशी होती. घोडा सरळ करायचा प्रयत्न उशिरा का होईना पण दिसला, तर एक कमी. चार फटके मारूनही हात बदलला नाही, तर एक जास्त. मागच्या मोसमाची नोंद बघताना नुसता गुन्ह्यांचा आकडा बघू नका. अडीचशे राइड्समध्ये दोनदा आणि तीस राइड्समध्ये दोनदा, यात फार फरक आहे. दंड मी शेवटी ठेवायचो. महिन्याला चार राइड्स मिळणाऱ्याला तो घर बुडवणारा असतो आणि नामांकित जॉकीला जाणवतही नाही.

बंदी कधीपासून सुरू करायची, यावर सर्वांत जास्त दबाव येतो. इंडियन डर्बी महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. जानेवारीत कुणाला बसवायची वेळ आली की मालकांचे फोन सुरू होतात: डर्बीनंतर बसवा. तारखेचा नियम मोसमाआधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ निर्णयानंतरच्या अमुक दिवसापासून, आणि तो नामांकितालाही लावा, अ‍ॅप्रेंटिसलाही. डर्बी त्या बंदीत आली तर आली. एकदा एकासाठी तारीख हलवलीत, की पुढच्या माणसाला नकार द्यायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

निर्णयाची कारणं लिहा. कुठला खांब, किती लेंथ, किती फटके, कुठला बचाव ऐकला आणि का पटला नाही. पाच-सहा ओळी पुरतात. अपिलात ‘निष्काळजीपणे घोडा चालवला’ एवढंच लिहिलेला कागद टिकत नाही, आणि जॉकीलाही त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. निर्णय त्याच्या भाषेत वाचून दाखवा, अपिलाची मुदत तारखेसह सांगा, आणि मगच त्याची सही घ्या.

बंदी संपण्याच्या आदल्या दिवशी मी मुलांना फिल्म रूममध्ये बोलवायचो. ट्रेनर नाही, बाकी स्टुअर्ड नाहीत, फक्त तो आणि मी. तीच फिल्म लावायची आणि रिमोट त्याच्या हातात द्यायचा. ‘तू कुठे हात बदलला असतास, तिथे थांबव.’ बहुतेक जण मी ठरवलेल्या जागेच्या दोन-तीन उड्या आधीच थांबवायचे.