फोनवर न उघडणारा कूटबद्ध मेल

ताईने मला पाठवलेले कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारे) मेल दांडिया बाजारातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचे, फोनवर मात्र नुसती अगम्य अक्षरं. ते उलगडणारी माझी खाजगी किल्ली फोनवर नव्हतीच. थंडरबर्डमध्ये ओपनपीजीपी ही मेल कूटबद्ध करायची सोय 78व्या आवृत्तीपासून (2020) आतच आहे. त्याच्या की मॅनेजरमधून (किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातून) त्या खाजगी किल्लीचा बॅकअप घेतला, भक्कम पासवर्ड दिला. फाइल केबलनेच फोनवर नेली. मेलने पाठवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! फोनवर किल्ल्या ठेवणाऱ्या ओपनकीचेन अ‍ॅपमध्ये ती घेतली, के-नाइन मेल या मेलच्या अ‍ॅपला जोडली. मेल उघडला.

उत्तरासाठी ताईची सार्वजनिक किल्लीही (तिला पाठवायचे मेल कूटबद्ध करणारी) फोनवर लागते. त्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, ताईला फोन करून पडताळला. 40 अक्षरं, चार-चारच्या गटांत. विसाव्या अक्षरापाशी ताई वैतागली, "अगं, पुरे की!" पण मी शेवटपर्यंत वाचायला लावलं. मग फोनमधली बॅकअपची फाइल पुसून टाकली.