कुतूहलापोटी ऑनलाइन संदर्भग्रंथालय धुंडाळताना

शोधचौकटीत एकच शब्द टाकून हजारो निकाल चाळत बसू नका. विषयावरचं एक बरं पुस्तक निवडा आणि त्याची ग्रंथसूचीतली नोंद, म्हणजे पुस्तकाची माहिती देणारं पान, उघडा. तिथल्या विषयशीर्षकावर, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेल्या विषयाच्या नावावर, क्लिक केलं, की नावात तो शब्द नसलेली पुस्तकंही समोर येतात. खरी गंमत इथेच आहे.

वर्गांकावरूनही, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार दिलेल्या क्रमांकावरूनही, भटकता येतं. ड्यूई दशांश या वर्गीकरण पद्धतीत 520 म्हणजे खगोलशास्त्र, 551 म्हणजे भूशास्त्र. पडद्यावर कपाट चाळण्याची सोय असेल तर शेजारचे क्रमांक जरूर बघा.

पुस्तकांच्या मजकुरात शोधायचं असेल तर शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका. काहीच सापडलं नाही म्हणून लगेच हार मानू नका: जुन्या छपाईतली जोडाक्षरं ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, अनेकदा चुकीची वाचतं. जोडाक्षर नसलेला शब्द किंवा जुनं शुद्धलेखन वापरून पाहा.

स्कॅनचं 34वं पान म्हणजे छापील पान 34 असेलच असं नाही; मुखपृष्ठ आणि प्रस्तावनाही मोजलेली असते. टिपणात छापील आकडा आणि आवृत्तीचं वर्ष लिहा. लिंक मात्र नोंदीवरची कायमस्वरूपी घ्या. शोधनिकालाची लिंक सत्र संपल्यावर बरेचदा उघडत नाही.