जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी या चुका टाळा

"साहेब, गॅस कमी झालाय, भरून टाकतो." जुन्या अमेरिकन गाडीचा एसी गार हवा देईना झाला की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. माझ्या 1967 च्या शेव्हरोले इम्पालात एका गॅरेजने एकाच उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला. चौथी वेळ आलीच नाही, कॉम्प्रेसर जाम झाला. उघडला तर आत तेल जवळजवळ नाहीच, पिस्टनवर ओरखडे आणि तळाशी चंदेरी चुरा. गॅस शाफ्टच्या सीलमधून जात होता, आणि जाताना तेलही घेऊन जात होता.

जीएमचा (जनरल मोटर्सचा) हा 'ए-सिक्स' कॉम्प्रेसर 1962 मध्ये आला. दोन्ही बाजूंनी काम करणारे तीन पिस्टन, म्हणजे सहा सिलिंडर, वजन सोळाएक किलो. दणकट आहे, पण पुढचं सील हे त्याचं जुनं दुखणं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते सुकतं. गॅसचा दाब मोजणारं गेज लावण्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला बघा. कॉम्प्रेसर बेल्टच्या पुलीला जोडणाऱ्या क्लचच्या बरोबर वर तेलाचा काळपट पट्टा उडालेला दिसला, तर गळती शोधायला साबणाचं पाणीसुद्धा लागत नाही.

गळती शोधायला टायरवाल्याकडची हवा मारू नका. तिच्यातली वाफ पाइपात जाते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. कोरडा नायट्रोजन मारा. पाइपातली ओल शोषणारा ड्रायर नवा बसवा आणि तो शेवटी उघडा. झाकण काढून दोन दिवस टेबलावर पडलेला ड्रायर भिजलेल्या टॉवेलइतकाच उपयोगाचा. मग पाऊण तास व्हॅक्यूम मारा, पंप बंद करा आणि काटा सरकतो का ते बघत बसा. इथेच लोक घाई करतात.

या गाड्यांचे एसी आर-12 या गॅसवर चालायचे. तो बाजारातून गेला, म्हणून त्याच्या जागी 134ए हा गॅस भरतात. भरायला हरकत नाही, पण जुनं खनिज तेल तसंच ठेवून भरणं ही सर्वांत महागडी चूक. 134ए त्या तेलात मिसळत नाही. तेल हवा गार करणाऱ्या कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. जुनं तेल काढा, पाइप फ्लश करा, एस्टर तेल घाला, ओ-रिंगा आणि होज बदला. गॅसचं वजनही आर-12 इतकंच भरायचं नाही, त्याच्या साधारण 80 ते 90 टक्के पुरतं. पाइपातला गॅस बघायच्या छोट्या काचेत बुडबुडे दिसतात म्हणून आणखी भरत बसाल तर हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढचा, दाब चढेल आणि हवा आणखी गरम येईल. 134ए मध्ये त्या काचेवर विसंबू नका. ज्योत हिरवी होते का बघून गळती शोधायचा जुना दिवाही इथे कामाचा नाही. तो क्लोरीन ओळखतो, आणि या गॅसमध्ये क्लोरीनच नाही.

स्वस्तात पडतो म्हणून सिलिंडरचा एलपीजी भरणारेही भेटतात. कॉइल डॅशबोर्डखाली, समोर सिगारेट लायटर. पुढचं सांगायला नको.

"साहेब, कॉम्प्रेसर कटच होत नाही, थर्मोस्टॅट बसवू?" हेही मी ऐकलंय. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक जीएम गाड्यांत तो कट होणं, म्हणजे मध्येमध्ये बंद पडणं, अपेक्षितच नाही. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिथे पीओए नावाचा व्हॉल्व्ह कॉइलमधला दाब धरून ठेवतो. आर-12 शून्य अंशाला असताना गेजवर सुमारे 30 पीएसआय दाखवतो, 134ए सुमारे 28. म्हणजे जुन्याच सेटिंगवर नवा गॅस घातला तर कॉइल थोडी गरमच राहणार. व्हॉल्व्ह काढून टाकू नका, दाब थोडा खाली आणून घ्या.

त्याहून जुन्या गाड्यांत गंमत वेगळी. 1940 च्या पॅकार्डमध्ये 274 डॉलर जादा देऊन एसी मिळायचा. कॉइल डिकीत, मागच्या सीटच्या पाठीशी. क्लच नव्हताच. एसी पुरता बंद करायचा तर इंजिन थांबवून बेल्ट उतरवायचा. अशी गाडी वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा सुरू करताना बेल्ट तसाच ठेवला तर जाम कॉम्प्रेसर बेल्ट जाळतो. आधी तो काढा, पुली हाताने फिरवून बघा. 1953 च्या कॅडिलॅकमध्येही कॉइल डिकीतच. मागच्या काचेलगत छताकडे जाणाऱ्या पारदर्शक नळ्या शोभेच्या समजून कोणी काढल्या असतील तर थंड हवा पुढे पोहोचणार कशी? कॉइलच्या पाण्याची नळी तुंबली तर डिकीचा पत्रा खालून कुजतो, आणि दोष मात्र पावसाला जातो.

खिडकीला लटकवायचे पाण्याचे कूलर हौसेने मिळवणारेही आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटी हवेसाठी ते ठीक. नागपूरला मे महिन्यात चालतीलही, मुंबईत मात्र गाडीत फक्त दमट वारा येईल.

आणि सगळं नीट असूनही हवा कोमट येत असेल, तर हीटरच्या रबरी पाइपवर हात ठेवा. एसी चालू असताना तो गरम लागला, की हीटरचा व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाहीये. इंजिन थांबवून, पाइप थोडा निवला की क्लॅम्पने चिमटा आणि पाच मिनिटं गाडी फिरवून या. माझ्या इम्पालात कॉम्प्रेसर बदलून झाल्यावर अखेरचा दोष हाच निघाला.